आधी करंट बघा, मग कॉइल बदला

चुलीवर काही ठेवलं असेल तर आच जरा कमी करा आणि रेडिओजवळ येऊन बसा. मागच्या खेपेला मी इथं शेंगदाण्याच्या चटणीच्या पॅकिंगविषयी बोलले होते. आज गाडीविषयी बोलणार आहे. "हे बायांचं काम आहे का?" असं कुणी घरातून म्हणालं, तर त्यांनाही शेजारी बसवा.

आमच्या बचत गटात आम्ही बारा जणी. चटण्या, पापड, सांडगे करतो आणि आठवड्याचे तीन बाजार करतो. एस.टी.च्या वेळा आणि आमच्या पाट्या यांचं कधी जमलंच नाही, म्हणून गटाने कर्ज काढून जुनी मारुती ओम्नी घेतली. पेट्रोलवर चालणारी, कार्ब्युरेटरची. ही गाडी आपल्याकडे १९८४ साली आली आणि २०१९ साली कंपनीने ती बनवायची थांबवली, पण खेड्यापाड्यांत अजून खूप फिरतायत. लायसन्स माझ्याकडे, म्हणून चालवायची जबाबदारी माझ्यावर आली.

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात गाडीने दगा द्यायला सुरुवात केली. सकाळी सहाला किल्ली फिरवायची, सेल्फ जोरात फिरायचा, खर्र खर्र खर्र, पण इंजिन काही पेटायचं नाही. दहा-अकराला ऊन पडलं की तीच गाडी एका सेल्फात चालू! तोवर बाजारातली जागा गेलेली असायची. दोन बाजार बुडाल्यावर आम्ही तालुक्याच्या एका गॅरेजला गाडी ओढत नेली. तिथले म्हणाले, बॅटरी गेली. बदलली. चार दिवसांनी पुन्हा तेच. मग म्हणाले, कॉइल गेली. बदलली. पुन्हा पाऊस, पुन्हा तेच. मग कार्ब्युरेटर खोलून साफ केला. बॅटरीचे ३,४०० रुपये, कॉइलचे ७५०, कार्ब्युरेटर आणि मजुरीचे १,१००, गाडी ओढायचे ६००. सगळे मिळून ५,८५० रुपये. आमची महिन्याची बचत २,४०० रुपये. म्हणजे बारा जणींची जवळजवळ अडीच महिन्यांची बचत गेली आणि गाडी होती तशीच.

पैशाचं एक वेळ सोडा. शेवटच्या खेपेला ते गॅरेजवाले माझ्याकडे न बघता आमच्या मालकांना म्हणाले, "बाईमाणूस चालवतंय ना? चोक ओढून धरत असणार. इंजिनात पेट्रोल भरतं मग." हे गावभर झालं. गटाच्या बैठकीत कुणी तोंडावर बोललं नाही, पण एकीने हळूच विचारलं, "ताई, चोक नीट सोडतेस ना गं?" आणि खरं सांगते, मलाही वाटायला लागलं की माझंच चुकत असेल. मी रात्री झोपेत चोक सोडायची. आक्कांनी, म्हणजे आमच्या अध्यक्षांनी, गाडी विकायचा विषय पुढच्या बैठकीच्या यादीत लिहिला.

त्या आठवड्यात आमच्या वाडीतले अण्णा घरी आले. अण्णांचं सगळं आयुष्य मुंबईत टॅक्सीच्या गॅरेजात गेलं. ती काळी-पिवळी पद्मिनी आठवते ना? २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली, तीच. त्या गाड्यांचे डेल्को उघडण्यात अण्णांचे हात काळे झालेले. माझी कहाणी ऐकून त्यांनी एकच प्रश्न विचारला. "प्लगला करंट येतो का, हे कुणी बघितलं?"

कुणीच बघितलं नव्हतं. ५,८५० रुपये खर्च झाले होते आणि दोन मिनिटांची ती तपासणी कुणीच केली नव्हती.

आज तीच तपासणी सांगते. आधी थोडं समजून घ्या, म्हणजे लक्षात राहील. पेट्रोलचं इंजिन पेटायला तीन गोष्टी लागतात. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण, ते दाबलं जाणं, आणि बरोबर वेळेला पडलेली ठिणगी. गॅसच्या शेगडीसारखंच आहे. गॅस सोडला पण लायटरच पेटला नाही, तर नुसता वास येतो. सेल्फ फिरतोय, पेट्रोलचा वास येतोय आणि इंजिन पेटत नाही, तर पहिला संशय लायटरवर घ्यायचा.

गाडीचा लायटर असा आहे. बॅटरी १२ व्होल्टची. तिच्या दोन टोकांना हात लावला तरी झटका जाणवत नाही. एवढ्याशा दाबाने ठिणगी कशी पडणार? म्हणून मध्ये कॉइल बसवलेली असते. कॉइलच्या आत तारेचे दोन वेढे असतात, एक जाड तारेचा आणि थोड्या फेऱ्यांचा, दुसरा केसासारख्या तारेचा आणि हजारो फेऱ्यांचा. जाड तारेतून करंट चालू असतो आणि तो एकदम तोडला की बारीक तारेत पंधरा-वीस हजार व्होल्टचा झटका उठतो. शेतात मोटर चालू असताना पाइपचा कॉक खटकन बंद केला तर पाइप कसा धाडकन हादरतो? तसंच समजा. तो कॉक म्हणजे पॉइंट. सारखा उघडझाप करणारा छोटा चिमटा असतो तो.

हा झटका मग जाड वायरीने डिस्ट्रीब्युटरच्या टोपीत येतो. मिस्त्री लोक डिस्ट्रीब्युटरला डेल्को म्हणतात. ते अमेरिकेतल्या डेटन नावाच्या शहरातल्या कंपनीचं नाव होतं. तिथल्या चार्ल्स केटरिंग नावाच्या इंजिनिअरने ही कॉइल-पॉइंटची पद्धत १९१० च्या सुमारास कॅडिलॅक गाडीत बसवली. कंपनीचं नाव आपल्या गॅरेजात वस्तूचं नाव होऊन बसलं, जसं आपण कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतो. सेल्फही त्याच माणसाचा, १९१२ सालचा. त्याआधी गाडी पुढून हँडल मारून चालू करायची, आणि ते हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडायचं.

टोपीच्या आत एक रोटर फिरतो. पंगतीत वाढपी एकेका पानावर वाढत जातो तसा तो एकेका प्लगच्या वायरीला झटका वाढत जातो. ओम्नीला तीन सिलिंडर, म्हणून तीन प्लग. वाढण्याचा क्रम एक, तीन, दोन. गाडी नुसती उभी राहून चालू असते तेव्हा इंजिन मिनिटाला साधारण ९०० फेरे घेतं. प्रत्येक सिलिंडरला दोन फेऱ्यांत एक ठिणगी लागते, म्हणजे तिघांच्या मिळून मिनिटाला १,३५० ठिणग्या झाल्या. नुसतं उभं असताना एवढ्या! त्यातल्या थोड्या चुकल्या की गाडी मिसिंग करते, आणि सगळ्या चुकल्या की उभी राहते.

आता तपासणी. पण हात लावायच्या आधी मी सांगते ते करायचंच. पदर खोचा, ओढणी काढून ठेवा, वेणीचा अंबाडा घाला. मंगळसूत्र ब्लाउजच्या आत. धातूच्या बांगड्या आणि अंगठी काढा, बॅटरीच्या टोकांना बांगडी टेकली तर ती लाल होते. गाडी उघड्यावर घ्या, न्यूट्रलला ठेवा, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा. पेट्रोल सांडलेलं दिसलं किंवा गाडीला गॅसचा किट आहे आणि गॅसचा वास आला, तर ठिणगीची तपासणी करायचीच नाही, मिस्त्रीला बोलवायचं. जवळ विडी, चूल काही नको. आणि ज्यांना हृदयासाठी पेसमेकर बसवलाय त्यांनी या कामापासून लांबच राहायचं. चालू इंजिनाच्या प्लगच्या वायरीला हात लावला तर माणूस सहसा मरत नाही, पण असा झटका बसतो की हात झटकन मागे जातो आणि पंख्यात किंवा पट्ट्यात सापडतो. जुने मिस्त्री हातात वायर धरून करंट बघायचे. अण्णांनीही तसंच शिकून घेतलं होतं. मला मात्र म्हणाले, "माझं बघून करू नकोस."

सामान फार लागत नाही. एक जुना पण चांगला स्पार्क प्लग, दोन्ही टोकांना चिमटे लावलेली हातभर वायर, आणि पार्किंगचा १२ व्होल्टचा लहान बल्ब, त्याला जोडलेल्या दोन वायरी. बस. आमच्या गाडीत हे सगळं एका श्रीखंडाच्या डब्यात असतं.

ओम्नीची पुढची सीट उचलली की खाली इंजिन. आपण इंजिनावर बसूनच गाडी चालवतो म्हणा ना. किल्ली बंद असताना एका प्लगची वायर काढायची. वायर धरून ओढायची नाही, टोकाला रबराची टोपी असते तिला धरून, जरा पिळून काढायची. नाहीतर आतली तार तुटते आणि आपणच नवा बिघाड तयार करतो. त्या वायरीत आपला जुना प्लग खोवायचा. चिमट्याच्या वायरीचं एक टोक त्या प्लगच्या लोखंडी अंगाला, दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. रंग लावलेल्या जागी नको, तिथं अर्थिंग मिळत नाही. इंजिनातला खरा प्लग जागेवरच राहू द्यायचा. तो काढला तर त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि आपण शेजारीच ठिणगी पाडणार, म्हणजे आपण होऊन भडका उडवल्यासारखं होईल. प्लग कुणी हातात धरायचा नाही. एकीने दोन हात लांब उभं राहून सावलीत बघायचं, दुसरीने किल्ली फिरवून चार-पाच सेकंद सेल्फ मारायचा.

निळी-पांढरी, चट्चट् आवाज करणारी ठिणगी दिसली तर करंट चांगला आहे. बिघाड पेट्रोलमध्ये किंवा दुसरीकडे शोधायचा, कॉइलला हात लावायचा नाही. पिवळट, नारिंगी, मरगळलेली ठिणगी असेल तर करंट कमजोर. ठिणगीच नाही, तर मागे मागे जायचं.

नळाला पाणी आलं नाही तर आपण काय करतो? घरातला नळ बघतो, मग कोपऱ्यावरचा कॉक, मग टाकी. इथंही तेच. मधली जाड वायर, म्हणजे कॉइलकडून डेल्कोच्या टोपीत येणारी, ती टोपीतून काढायची आणि तिच्यात आपला प्लग लावून तसाच सेल्फ मारायचा. ही वायर मोकळी लोंबत ठेवून सेल्फ मारू नका, प्लग किंवा अर्थिंग लावूनच मारा. झटक्याला जायला वाट मिळाली नाही तर तो कॉइलच्या आतच फुटतो.

आमच्या गाडीची आता खरी गंमत ऐका. भल्या पहाटे, पावसात, ताडपत्रीखाली अण्णा, मी आणि आक्का. प्लगच्या वायरीला ठिणगी नाही. तिन्ही वायरींना नाही. मग मधल्या वायरीला प्लग लावला, आक्कांनी किल्ली फिरवली आणि चट् चट् चट्, निळ्या ठिणग्या! म्हणजे कॉइल चांगली, पॉइंट चांगले. झटका टोपीपर्यंत येत होता आणि टोपीतून पुढं जात नव्हता. चोर त्या मधल्या खोलीत होता.

अण्णांनी टोपीच्या दोन क्लिपा काढल्या, टोपी उलटी केली आणि माझ्या हातात दिली. आत दमटपणा होता, भांड्याच्या झाकणाला वाफ धरते तसा. तो पुसला. मग त्यांनी बॅटरीचा उजेड तिरका धरला आणि एक रेघ दाखवली. केसाएवढी, काळी, वाकडीतिकडी, पेन्सिलीने ओढल्यासारखी. टोपीला बारीक तडा होता आणि त्या तड्यातून झटका वायरीकडे जायच्या ऐवजी लोखंडाकडे पळत होता. जाता-जाता तिथं कोळशाची रेघ जाळून ठेवली होती, आणि कोळशातून करंट आणखी सहज जातो. कोरड्या दिवशी कसंबसं चालायचं. ओम्नीचं इंजिन खालून उघडं, रस्त्याचं पाणी उडायचं, रात्रभर दमट राहायचं, आणि सकाळी सगळा करंट त्या रेघेतून वाहून जायचा. उन्हाने टोपी सुकली की गाडी चालू. म्हणून दहा-अकराला चालू व्हायची!

नवी टोपी आणि रोटर मिळून ३८० रुपयांत आले. चोकचा काही संबंध नव्हता.

आक्कांनी तिथंच, ताडपत्रीखाली, मला म्हटलं, "तुला आम्ही उगीच बोल लावला गं." मी काही बोलले नाही. टोपी बसवत होते आणि डोळ्यांतलं पाणी टोपीत पडू नये एवढंच बघत होते.

असो. तपासणी अजून संपली नाही. समजा मधल्या वायरीलाही ठिणगी नसती, तर आणखी मागं जायचं. तिथं बल्ब कामाला येतो. किल्ली चालू करायची, सेल्फ मारायचा नाही. बल्बची एक वायर अर्थिंगला, दुसरी कॉइलच्या ज्या स्क्रूला किल्लीकडून वायर येते त्याला. बल्ब लागला पाहिजे. नाही लागला तर कॉइलपर्यंत वीजच येत नाही, फ्यूज, किल्लीचा स्विच किंवा वायर बघायची. लागला, तर आता ती वायर कॉइलच्या दुसऱ्या स्क्रूला लावा, जिथून बारीक वायर डेल्कोकडे जाते. सेल्फ मारा. बल्ब लुकलुक करायला हवा. लुकलुकला म्हणजे पॉइंट उघडझाप करतायत. सारखा पेटलेलाच राहिला तर पॉइंट मिटतच नाहीत किंवा त्यांच्यावर काजळी धरलीय. अजिबात लागला नाही तर पॉइंट उघडत नाहीत, कंडेन्सर आतून जोडला गेलाय किंवा कॉइलची जाड तार तुटलीय. इथपर्यंत आलात की मिस्त्रीला बोलवा, पण बोलावताना हे सगळं सांगा. बिघाड कुठल्या खोलीत आहे हे तुम्हाला माहीत आहे म्हटल्यावर माणूस नीट बोलतो, हा माझा अनुभव आहे.

पॉइंटची फट ०.४ ते ०.५ मिलिमीटर आणि प्लगची ०.७ ते ०.८ मिलिमीटर, या जुन्या पॉइंटच्या गाडीला. मापाची पट्टी नसेल तर एटीएमचं कार्ड बघा. त्याची जाडी पाऊण मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे प्लगची फट कार्डाएवढी, पॉइंटची त्याच्या निम्म्याहून जरा जास्त. हा अंदाज झाला हं, बसवायचं ते पट्टीनेच. आणि तुमच्या गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच खरा.

गाडी चालू होते पण मिसिंग करते, चढाला हिसके देते, तेव्हा तिघांतलं कोण आळशी आहे ते शोधायचं. इंजिन बंद करून एक वायर काढायची, तिच्यात आपला अर्थिंग दिलेला प्लग लावायचा, मग गाडी चालू करून ऐकायचं. इंजिन आणखी लंगडायला लागलं, तर ते सिलिंडर काम करत होतं. काहीच फरक पडला नाही तर आळशी तेच. बंद करा, वायर परत लावा, पुढचं बघा. आळशी सापडलं की त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरमध्ये आणि शेजारचा याच्यात घालून बघा. आळस प्लगबरोबर गेला तर प्लग खराब, जागेवरच राहिला तर वायर, टोपी किंवा इंजिन. एक रुपयाही न खर्चता कळतं.

प्लग काढलाच आहे तर त्याचं तोंड बघा. ही माझी सगळ्यात आवडती तपासणी. बिस्किटासारखा फिका तपकिरी रंग असेल तर इंजिनाची तब्येत उत्तम. चिमणीच्या काचेसारखी कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा हवेची जाळी तुंबलीय. पेट्रोलने ओला असेल तर ठिणगी पडत नाहीये. काळा, तेलकट, तव्याच्या कडेसारखा चिकट असेल तर इंजिनातलं ऑइल वर येतंय, आणि तो खर्च मोठा असतो, तयारी ठेवा. पांढराफटक, फोड आल्यासारखा असेल तर इंजिन जास्त तापतंय. नवे प्लग बसवताना आधी हातानेच फिरवत न्यायचे, पाना शेवटी लावायचा. आटे वाकडे बसले तर अख्खं हेड खोलावं लागतं.

वायरी काढताना गोंधळ होतो, कुठली कुणाची. आम्ही तिन्हींना रंगीत दोरे बांधलेत. पहिलीला लाल, दुसरीला हिरवा, तिसरीला पिवळा, आणि टोपीवरही त्याच रंगाच्या नेलपॉलिशचा ठिपका. अण्णा हसले होते, पण परवा त्यांच्या पुतण्याच्या गाडीलाही तसेच ठिपके दिसले मला.

आणखी एक, अंधारात बघायचं. रात्री गाडी चालू करून, सीट उचलून, दिवे बंद करून लांबूनच वायरींकडे बघा. वायरीचं रबर कुठं फाटलं असेल तर तिथून निळे किडे उडाल्यासारखी ठिणगी लोखंडाकडे पळताना दिसते. काडी पेटवून बघायला जाऊ नका म्हणजे झालं.

मागच्या महिन्यात फोनवर दोघीतिघींनी विचारलं होतं, आमच्या गटाचा छोटा हत्ती आहे, त्याचं काय? छोटा हत्ती, पिकअप, ट्रॅक्टर, या बहुतेक डिझेलच्या गाड्या. डिझेलला स्पार्क प्लग नसतोच. तिथं हवा इतकी दाबली जाते की ती तापून डिझेल आपोआप पेटतं. त्यामुळे तुमच्या डिझेलच्या गाडीला कुणी "स्पार्क प्लग बदलला" म्हणून बिल लावलं तर त्याला तो प्लग दाखवायला सांगा! काहींना हीटर प्लग असतो, तो निराळा. तुमच्या छोट्या हत्तीला पेट्रोलचं किंवा सी.एन.जी.चं इंजिन असेल तर मात्र प्लग आहे. स्कूटीलाही आहे, एकच, आणि प्लग बघून तब्येत ओळखायची रीत तिलाही लागू.

नव्या पेट्रोल गाड्यांना पॉइंट नाहीत, डेल्को नाही. बऱ्याच गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर एकेक छोटी कॉइल बसते आणि ठिणगीची वेळ कॉम्प्युटर ठरवतो. त्या गाड्यांत मी आज सांगितल्यासारखं वायरी काढून बघत बसू नका. कॉम्प्युटरला इजा होऊ शकते, आणि न जळलेलं पेट्रोल धुराड्यातल्या महागड्या जाळीत जाऊन ती जळते. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला असेल तर स्कॅनर लावून कोड वाचायला सांगा, आणि कोड काय आला ते वहीत लिहून घ्या. प्लगचं तोंड मात्र त्या गाड्यांतही बघता येतं, कॉइल काढून देणारा माणूस शेजारी असेल तर.

वेळ झाली असं काचेपलीकडून खुणावतायत, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय उठणार नाही. अण्णांच्या नातीने मला पुस्तकात दाखवली. जगातल्या पहिल्या मोटारींपैकी एक बनवली ती जर्मनीतल्या कार्ल बेंझ यांनी. पण ती लांबवर चालवून कुणी दाखवली? त्यांच्या बायकोने, बर्था बेंझ यांनी. १८८८ च्या ऑगस्टमध्ये, नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन त्या मानहाइमहून आपल्या माहेरी फोर्झहाइमला निघाल्या. शंभर किलोमीटरच्या वर रस्ता. इंधन संपलं तर वाटेत औषधाच्या दुकानातून घेतलं. नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. आणि असं सांगतात की ठिणगीच्या वायरीचं आवरण घासून उघडं पडलं, तेव्हा त्यांनी मोज्याला बांधायचा स्वतःचा पट्टा काढून तिच्यावर गुंडाळला. म्हणजे वायरीतून करंट पळतोय हे माहेरच्या वाटेवर एका बाईने ओळखलं होतं, आणि तेव्हा मोटारीचं गॅरेज नावाची गोष्टही नव्हती.

आमची ओम्नी अजून चालतेय. विकायचा विषय आक्कांनी वहीतून खोडला. मिस्त्रीकडे गाडी गेली की आता दोन गोष्टी करतो. बदललेला प्रत्येक जुना पार्ट मागून घेतो, आणि वहीत तारीख, किलोमीटर, काय बदललं, का बदललं, हे लिहितो. "का" चा रकाना रिकामा राहिला तर पैसे द्यायच्या आधी विचारतो. त्या पहिल्या गॅरेजच्या तिन्ही खर्चांसमोर तो रकाना अजून कोराच आहे.

ती तडकलेली टोपी आम्ही फेकली नाही. बैठकीच्या खोलीत खिळ्याला टांगून ठेवलीय. दर सोमवारी दुपारी दोनला आमची बैठक असते. कुणाला ती काळी रेघ डोळ्यांनी बघायची असेल तर या. उजेड तिरका धरावा लागतो, नाहीतर दिसत नाही. येताना आपल्या स्कूटीचा प्लग काढून आणलात तर तोही बघू. नमस्कार.